दामू कंडक्टर आणि दाराचं बटण

शेणवे गावच्या बायकांच्या बचतगटाने दाराला मॅग्नेटचं कुलूप बसवलं, त्याचं सगळं श्रेय एका कोंबडीला जातं. कल्याणचा व्यापारी पापड बघायला आला होता. त्याच्या डोळ्यांदेखत ती उघड्या दारातून आत शिरली, ओळीने मांडलेल्या तांदळाच्या पापडांवरून सावकाश चालत पलीकडे गेली आणि तिथून वळून त्याच वाटेने परत आली. व्यापारी सभ्य माणूस. तो एवढंच म्हणाला, की जिथे पापड लाटतात तिथे सोम्यागोम्याने शिरायचं नाही, आणि तशी व्यवस्था झाली तर माल वर्षभर मीच उचलीन. मग दार आलं. ॲल्युमिनियमची चौकट, मधे काच, वरच्या बाजूला मॅग्नेट. बाहेरून आत जायचं तर भिंतीवरच्या डबीला कार्ड टेकवायचं, आतून बाहेर यायचं तर दाराशेजारचं बटण दाबायचं. टिक असा आवाज होतो आणि दार सुटतं. कोंबड्यांची मात्र कायमची पंचाईत झाली.

कार्डं मिळाली होती मूठभर. पण एक समीक्षाच्या हातून विहिरीत पडलं. एक अक्षदाच्या सासूने मौल्यवान वस्तू म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं, आणि देवापुढचं उचलायची आता कुणाची हिंमत होईना. बाकीच्यांचं काय झालं असं विचारलं की सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत. शेवटी एकच राहिलं, ते गटाची अध्यक्ष शकू हिच्या बटव्यात.

आता दामूचं सांगतो. दामू म्हणजे एस.टी.चा रिटायर कंडक्टर, शकूचा चुलतदीर. सारी नोकरी शहापूर-मुरबाड गाडीवर काढलेली. कुठल्या थांब्यावर कुणाची लेक चढते, कुणाचा जावई रुसून उतरतो, हे त्याला तोंडपाठ. अशा माणसाला घरी बसवलं की त्याचं काय होतं ते बघवत नाही. बायको देवाघरी गेलेली. मुलगा विपुल वाशिंदच्या कंपनीत, सून नेहा शाळेत शिकवायला. सून गुणाची होती, सकाळी सगळं रांधून, झाकून जायची. पण झाकलेल्या भाताशी माणूस बोलणार काय? दुपारभर भिंतीवरच्या पालीकडे बघायचं, आणि पाल काही पुढचा थांबा कुठला म्हणून विचारत नाही.

दसऱ्याला गटात यंत्रांची पूजा मांडली. घरघंटी, वजनकाटा, शेगडी, अगदी लाटणीसुद्धा धुऊनपुसून ठेवली. नारळ फोडायला घरातलं मोठं माणूस हवं म्हणून शकूने भावजींना बोलावलं. एस.टी.तल्या माणसाला दसऱ्याची पूजा शिकवावी लागत नाही. दामू दर दसऱ्याला गाडीला हार घालायचा, स्टिअरिंगला गंध लावायचा, इंजिनाला लावायचा आणि घंटीच्या दोरीलाही लावायचा. त्याचा नियम सरळ होता. ज्याला दिवसभरात सगळ्यांत जास्त हात लागतात, त्याचे उपकार सगळ्यांत जास्त. या हिशेबाने इथे पहिला मान बटणाचा. दामूने ओल्या कुंकवाचं बोट बटणाच्या मधोमध टेकवलं, वर अक्षता चिकटवल्या आणि नारळाचं पाणी हात न आखडता त्याच्यावर शिंपडलं. बायकांनी हात जोडले. मग उंबऱ्याबाहेर दुसरा नारळ वाढवायचा म्हणून दामूने तेच बटण दाबलं, टिक झालं, तो बाहेर गेला आणि मागे दार मिटलं. ते त्या बटणाचं त्या दिवशीचं शेवटचं टिक.

आत सहाजणी अडकल्या. आधी अंगठ्याने दाबलं, मग मुठीने, मग समीक्षाने लाटण्याच्या टोकाने. बटण ढिम्म. बाहेर दामू घामाघूम. काचेतून सगळं दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. शेवटी शकूने बटव्यातलं कार्ड काढून दाराखालच्या फटीतून सरकवलं, दामूने ते डबीला टेकवलं आणि सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसत बाहेर आल्या. दामूला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बटण मी मारलं, म्हणाला, तर नवं येईपर्यंत बटणाच्या जागी मीच बसतो.

आणि बसला. शकूने प्लास्टिकची खुर्ची दिली, ती त्याने थेट दाराला लावून टाकली. खुणा ठरल्या, त्याही एस.टी.च्या. काचेवर दोनदा टकटक केलं म्हणजे डबल बेल, दार उघडायचं. एकदाच केलं म्हणजे थांबा, चहा आणते.

पहिले दोन दिवस ती शिक्षा होती. तिसऱ्या दिवसापासून दामू इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागला. बाहेर पडणारी प्रत्येक बाई त्याच्यासमोरूनच जाणार, आणि दामूसमोरून मुकाट्याने जाणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. कुणी पाणी आणायला निघाली की तिच्या माहेरचं पीक कसंय, कुणी फोनला रेंज शोधायला निघाली की कुणाचा फोन, सगळी चौकशी. अक्षदा नवीन लग्न होऊन आलेली, तोंडातून अक्षर काढायची नाही. दामूने तिच्या माहेरच्या थांब्यावरच्या वडाचं नाव काढलं आणि पोर जी बोलायला लागली ती उन्हं उतरेपर्यंत. रस्त्याने जाणारेही थांबू लागले. संध्याकाळी नेहाला दिसायचं, की सासऱ्यांनी भात संपवलाय आणि वर लोणचंही मागितलंय. दामूला त्या खुर्चीचं वेड लागलं होतं म्हणा ना. इतका आनंद त्याला डबल ड्युटीच्या भत्त्यानेही कधी झाला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नवं बटण बसवायला फोन करायचं काम शकूने दामूलाच दिलं होतं. त्याने केलाही. मुरबाडच्या दुकानातली हर्षाली म्हणून मुलगी ही कामं करायची. ती म्हणाली, बटण मागवते, आलं की फोन करते. पण बटण आलं तोवर दामूचं मन बदललं होतं. तिचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, सध्या भातकापणी आहे, सगळे शेतावर. पुढच्या फोनला दिवाळी होती. मग झोडणी. मग तुळशीची लग्नं, आणि त्याच्यामागून माणसांची. आता पौष उजाडला तर म्हणाला, म्हसा गावची यात्रा होऊन जाऊ दे. शकूसुद्धा आधी रोज विचारायची, बटणवाली येणार होती तिचं काय झालं? दिवाळीनंतर तिने विचारणं सोडून दिलं. दामूला वाटलं, कामाच्या गडबडीत विसरली असेल. बरंच झालं.

आणि एका सकाळी, यात्रेला दोन-चार दिवस असताना, दारासमोर स्कूटी येऊन थांबली. पाठीला पिशवी लावलेली पंचविशीची मुलगी उतरली आणि म्हणाली, "बटण बदलायचंय ते हेच ना?"

दामूने खुर्चीचा हात घट्ट धरला. पण कंडक्टरकी अंगात मुरलेली. त्याने आधी तिला सावलीत घेतलं, मग कुठली तू, कुणाची तू, असं सुरू केलं. हर्षाली म्हशाची निघाली, सावळारामची नात. झालं. सावळाराम शहापूरच्या बाजारातून घेतलेलं शेळीचं पिल्लू घोंगडीत लपवून गाडीत कसा चढला होता, ते वाटेत ओरडलं तेव्हा आपणच पोटात दुखतंय म्हणून कसा कण्हायला लागला होता, हे सगळं दामूने साभिनय सांगितलं. एक टकटक होऊन चहा आला, तो झाला. हर्षाली पोट धरून हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, की यात्रेत घर पाहुण्यांनी भरतं, मला निघता यायचं नाही, म्हणूनच आज न विचारता आले. तेव्हा काका, आता काम दाखवा.

तेवढ्यात आतून दोन टकटक झाल्या. दामूने रुबाबात कार्ड टेकवलं. समीक्षा बादली घेऊन बाहेर आली, विहिरीकडे गेली. दार मिटलं.

हर्षालीने दाराकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. "ह्या सगळ्या अशाच बाहेर येतात?"

"मी काढतो ना," दामू म्हणाला.

"आणि तुमी चहाला गेलात तर?"

दामू दिवसातून दोनदा नाक्यावर जायचा, कार्ड खिशात घेऊन. त्याचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला.

"आत गॅस हाय, काका," हर्षाली हळूच म्हणाली. "मागच्या दाराला तांदळाची पोती लावल्यात. काय झालं तर ह्या बायांनी जायचं कुठनं?"

ती रागाने बोलली नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. दामूच्या डोळ्यांसमोर त्याची गाडी उभी राहिली. मागच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलेलं, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. त्या दारापुढे कुणी भाजीची पाटी ठेवली तरी दामू गाडी थांबवायचा. लोक कुरकुरायचे, एवढ्याने काय होतंय म्हणायचे, तो ऐकायचा नाही. एकदा तर एका फौजदाराची ट्रंक त्याने तिथून उचलायला लावली होती. आणि आज त्याच दामूने सहा बायकांच्या वाटेवर आपली खुर्ची टाकली होती, वर मजेत पाय पसरून बसला होता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"चल पोरी," तो उठून म्हणाला. "आत्ताच्या आत्ता बदल."

त्याने दार उघडलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वतःही आत गेला. समीक्षाही बादली घेऊन त्यांच्यामागून आली. उकडीची वाफ कोंदली होती. शकू परातीवर वाकली होती. दामू तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखं एका दमात सांगून टाकलं, "वयनी, ही पोर दिवाळीआधीपास्नं यायचं म्हणत होती. मीच येऊ दिली नाय. मला खुर्ची सुटंना. तुमी सगळ्या कोंडलेल्या, आणि मी बाहेर गप्पा हाणत बसलो."

शकूने परातीतून हात काढला. ती काही बोलणार, तेवढ्यात हर्षालीने पिशवीतून पेचकस काढला आणि उघडण्याआधी एकदा बघावं म्हणून जुनं बटण दाबलं. कुणीही दाबून बघेल तसंच. लागलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं.

टिक.

दार सुटलं. बाहेरची गार हवा आत आली.

"हे तर चालतंय," हर्षाली म्हणाली.

दामूने दाराकडे पाहिलं. मग बायकांकडे पाहिलं. सहाच्या सहाजणी आपापल्या पोळपाटाकडे इतकं मन लावून बघत होत्या, की पापड लाटायला आजच शिकल्यात असं वाटावं. अक्षदाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेवटी समीक्षाला राहवलं नाही, तिला खुदकन हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच फुटलं.

दिवाळीच्या साफसफाईत अक्षदाने रॉकेलच्या चिंधीने बटण घासून पुसलं होतं. त्याच दिवसापासून ते चालत होतं. एकदा दाबून नाही चाललं, तर दुसऱ्यांदा हमखास. सगळ्यांना माहीत होतं. दामू नाक्यावर चहाला गेला की सगळ्याजणी बटण दाबून बाहेर यायच्या, उन्हात पाय मोकळे करायच्या, दारात तांदळाची गोणी आडवी टाकून ठेवायच्या म्हणजे दार मिटायला नको. लांबून त्याच्या चपलांचा आवाज आला की गोणी ओढून आत. तो खुर्चीत टेकला की एकजण काचेवर दोन टकटक करायची.

दामूला एकेक आठवायला लागलं. एकदा तो चहा अर्धा टाकून लवकर आला होता, तेव्हा शकू बाहेर नळावर हात धुताना दिसली होती. कोणी काढलं, असं त्याने विचारलं तर ती म्हणाली होती, अहो तुमीच नाय का मघाशी काढलंत. आणि आपल्याला वयोमानाने आठवत नसेल असं समजून दामू गप्प बसला होता.

"मग सांगितलं का नाय, वयनी?"

शकूने हाताची उकड ताटलीच्या काठाला पुसली. तिला गोड बोलायची सवय नव्हती. घरच्या चार पुरुषांना धाकात ठेवलेली बाई ती. "काय सांगायचं होतं, भावजी?" ती म्हणाली. "सकाळी आलं की कोणतरी विचारतंय, जेवली का गो, झोपली का गो. आमाला घरी कोण विचारतं? त्या माणसाला सांगायचं, उठा आता, बटण चालाया लागलं?"

 दामूचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवलेही नाहीत. आपण ह्यांना कोंडून ठेवलं असं तो समजत होता, आणि ह्या बायका रोज उघड्या दारामागे उभ्या राहून, केवळ त्याच्यासाठी, काचेवर टकटक करत होत्या. भरल्या गाडीत माणसं त्याला दामूदादा म्हणायची, ती माया त्याला ठाऊक होती. ही त्याहून वेगळी होती. ती मिळावी असं आपण काय केलं, हे काही त्याला कळेना.

हर्षालीचंही नाक लाल झालं होतं. पण ती कामाची पोर. आज चालतंय, उद्याचं सांगता येत नाही, म्हणाली, आणि जे दोनदा दाबावं लागतं ते बटण नव्हेच. तिने वरच्या खोक्यातून करंट बंद केला, पेचकसाने पट्टी सोडवली आणि बटण बाहेर ओढलं. आतली बारीक स्प्रिंग गंजली होती. कुंकू घट्ट होऊन वायरीला चिकटलं होतं आणि एका कोपऱ्यात अक्षतेचा दाणा अडकून बसला होता. तिने तो दामूच्या तळहातावर ठेवला, तसा पुन्हा एकदा हशा झाला. दोन वायरी सोडवून तिने टोकं घासून लखलखीत केली, नव्या बटणाला जोडली, पट्टी आवळली. दामू तिच्यासाठी मोबाइलची बॅटरी धरून उभा होता. तोवर बायकांनी मागच्या दाराची पोतीही हलवली, तीही हर्षालीने दटावल्यावर.

करंट सुरू केला. नव्या बटणाभोवती हिरवी रिंग पेटली. हर्षालीने बोट टेकवलं न टेकवलं तोच दार सुटलं.

मग काय विचारता. अक्षदाने दाबलं आणि बाहेर गेली. तिच्यामागून समीक्षा गेली. प्रत्येकीला स्वतः दाबून बघायचं होतं, आणि प्रत्येकीच्या मागे दार मिटत होतं. शकूही गेली, पदर खोचून. हर्षाली दार किती वेळात मिटतं ते बघायला म्हणून बाहेर पडली. सगळ्यात शेवटी दामूने दाबलं. बोटाखाली टिक झालेलं त्याला जाणवलं आणि तो उन्हात आला. आता कुणालाही, केव्हाही, कुणाची वाट न बघता बाहेर येता येणार होतं. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. त्याने खिशातून कार्ड काढलं आणि शकूपुढे धरलं. "हे तुमचं, वयनी. माझी ड्युटी संपली."

शकूने कार्डाला हात लावला नाही. तिने मागे वळून काचेतून आत पाहिलं. सगळ्याजणी बाहेर होत्या. हर्षालीची पिशवी आत होती. शेगडीवर उकडीचं झाकण वाफेने थडथडत होतं. दार पक्कं मिटलेलं होतं, आणि बाहेरच्या बाजूला बटण नव्हतं.

"बाहेर याया बटण झालं, भावजी," शकू म्हणाली. "आत घ्याया माणूस लागतो. उघडा लवकर, उकड लागंल."

दामूने कार्ड टेकवलं. दार सुटलं, आणि त्याने ते एका हाताने धरून ठेवलं. अक्षदा गेली, समीक्षा गेली, एकेकजण गेली, आणि जाताना प्रत्येकीने त्याला काहीतरी सांगितलंच. कुणाच्या सासूचा गुडघा दुखत होता. कुणाचा भाऊ यात्रेला येणार होता, त्याच्यासाठी स्थळ बघायचं होतं. हर्षाली पिशवी घेऊन आली, आजोबांना शेळीचं विचारते म्हणाली आणि यात्रेला घरी जेवायला या म्हणून सांगून स्कूटीवर बसली.

ती दिसेनाशी झाली तेव्हा दामूने कार्ड पुन्हा खिशात टाकलं. मग त्याने खुर्ची उचलली आणि चांगली हातभर बाजूला सरकवून ठेवली, बाहेर पडायची वाट मोकळी राहील अशी, आणि बसला.